चार मासे झिरकॉन

अडीच मण दगड कुटला तर त्यातून झिरकॉन किती निघतो? चार मासे, म्हणजे तोळ्याचा तिसरा हिस्सा. हे उत्तर साऱ्या ग्वाल्हेरात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक, खाणखात्याच्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेचे अधिकारी शरच्चंद्रराव. आणि दुसरे, तो दगड तीन वर्षं लोखंडी खलात कुटणारे त्यांचे मदतनीस सूर्याजीराव. दौलतगंजातल्या शेजाऱ्यांची ठाम समजूत होती की शरच्चंद्रराव सोनं शोधताहेत आणि मुद्दाम सांगत नाहीत. सोनं असतं तर बरंच झालं असतं, निदान बायकोला काही सांगता आलं असतं.

शरच्चंद्ररावांना हवं होतं एका दगडाचं वय. ग्वाल्हेरच्या दक्षिणेला गुलाबी ग्रॅनाइटचा मुलूख पसरलेला आहे. वीस वर्षांपूर्वी तिकडे घोड्यावरून हिंडताना त्यांना त्या गुलाबी खडकाच्या पोटात अडकलेलं एक टेकाड सापडलं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, भाजलेला, दाबलेला, पिळून निघालेला खडक. गुलाबी खडक वितळून वर आला तेव्हा हा तिथे आधीच बसलेला होता, असं त्यांना पहिल्याच दिवशी वाटलं. म्हणजे हा थोरला. पण कितीनं थोरला? एका मोठ्या साहेबांनी त्यांना पत्रातून कळवलं की दोन्ही खडक एकाच वयाचे आहेत, पट्टे नुसत्या दाबामुळे पडलेत, आणि तरुण माणसानं कल्पनेला आवर घालावा. ते पत्र शरच्चंद्ररावांनी वीस वर्षं जपून ठेवलं होतं. प्रेमानं नव्हे, हे सांगायला नकोच.

मग चार वर्षांपूर्वी झिरकॉनची गोष्ट त्यांच्या वाचनात आली. झिरकॉन म्हणजे खडकातला वाळूच्या कणाहून बारीक, भलताच टणक दाणा. खडक भाजला, वितळला, पुन्हा थिजला तरी हा बेटा बहुधा शाबूत राहतो, फार तर अंगावर नवा थर चढवून घेतो. जन्मताना तो पोटात थोडं युरेनियम घेतो, शिसं मात्र जवळजवळ घेत नाही. युरेनियमचं आपल्या ठरलेल्या चालीनं शिसं होत जातं. म्हणजे आज दाण्यात जे शिसं सापडेल ते जन्मानंतर साठलेलं. ते किती आणि कुठल्या जातीचं हे मोजलं की वय कळलं. शिशाच्या चार जाती असतात, वजनानं किंचित वेगळ्या, आणि त्या निवडणारं यंत्र विलायतेत एका प्राध्यापकांकडे होतं. शरच्चंद्ररावांनी पत्र लिहिलं. अकरा महिन्यांनी उत्तर आलं: पाठवा, एक नमुना करून देऊ.

सोबत दोन पानी सूचना होत्या, आणि त्यांचं सार एकच होतं. नमुन्याला बाहेरचं शिसं लागता कामा नये. दाण्यातलं शिसं म्हणजे वरणातली चिमूट, बाहेरचा एक ठिपका म्हणजे अख्खं मिठागर. शेवटी एक कागद सहीसाठी होता: आमच्या माहितीप्रमाणे या नमुन्याला बाहेरच्या शिशाचा संपर्क झालेला नाही.

त्या दिवसापासून शरच्चंद्ररावांनी सूर्याजीरावांचं जगणं मुश्कील केलं. सूर्याजीराव हजिरा मोहल्ल्यात राहायचे. पणजोबा शिंद्यांच्या फौजेत स्वतःच्या घोड्याचे शिलेदार, आजोबा सरकारी घोड्यावरचे बारगीर, वडील पायदळात, आणि स्वतः खलबत्त्यावर. "घोड्यावरून उतरत उतरत इथपर्यंत पोचलो साहेब," असं ते हसत सांगत. त्यांच्या जेवणाच्या डब्याच्या सांध्याला शिसं वितळवून डाग दिलेला होता म्हणून डबा बंद झाला. कल्हईत शिसं मिसळतात म्हणून पाण्याचा तांब्या गेला, मातीचा कुल्हड आला. दाराचा रंग खरवडून टाकला. छापील कागदाच्या पुड्या बंद. कुटायला बसण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायचे, अंगरखा बदलायचा. सूर्याजीरावांनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

"साहेब म्हणतात शिसं म्हणजे चोर," ते घरी बायकोला सांगत. "आपण पहारेकरी. पहारा देणं तर आपल्या खून में आहे."

तीन वर्षं असं चाललं. कुटायचं, चाळायचं, तसराळ्यात पाण्यावर हेलकावे देऊन हलकी वाळू घालवायची, चुंबकानं काळे दाणे उचलायचे, जड द्रवात बुडवून उरलेलं निवडायचं, आणि शेवटी सुईनं एकेक दाणा. एका गोणीतून निघालेला माल नखावर मावायचा. दरम्यान ते टेकाडच गेलं. नव्या सडकेसाठी खडी हवी होती, ठेकेदाराला तेच सोयीचं पडलं. शरच्चंद्रराव पोचले तेव्हा तिथे खड्डा होता आणि खड्ड्यात पाणी होतं. चौकशी करायला गेले तर कारकुनानं विचारलं, "दगडच ना? ग्वाल्हेरात दगडाची कमी आहे का?"

आणि आता, छप्पन सालच्या आश्विनात, खातंही चाललं होतं. आठ वर्षांपूर्वी रियासत मध्यभारतात विरघळली तेव्हा निदान अर्धी राजधानी तरी ग्वाल्हेरात राहिली होती. आता एक नोव्हेंबरला मध्यभारतच विरघळणार होता, आणि राजधानी भोपाळला. कचेऱ्यांतून पेट्या ठोकल्याचा आवाज सकाळपासून चालू. प्रयोगशाळेसाठी चार ओळींचा हुकूम आला. एकतीस ऑक्टोबरला बंद. सामानाची यादी करून लिलावासाठी द्यावी. शरच्चंद्ररावांनी भोपाळला इमारती दगडाच्या तपासणीवर रुजू व्हावं. सूर्याजीरावांना निवृत्त करण्यात येत आहे.

राहिलेली गोष्ट एकच होती. शरच्चंद्ररावांच्या पत्नी राजलक्ष्मीबाई यांचे मामेभाऊ माधवराव सत्तावीस तारखेला दिल्लीहून मुंबईला जाणार होते आणि तिथून बोटीनं विलायतेला. गाडी ग्वाल्हेरला थांबायची. चार मासे झिरकॉनची कुपी आणि सही केलेला कागद त्यांच्या हाती द्यायचा. टेकाड नाही, खल नाही, खातं नाही, दुसरा नमुना होणे नाही. जे काही होतं ते त्या कुपीत होतं.

खंडेनवमीला सूर्याजीराव सकाळी सातलाच हजर झाले. दरवर्षी कचेरीची पूजा मोठ्या इमारतीत व्हायची आणि तिथलंच हळदकुंकू, दोन झेंडूची फुलं प्रयोगशाळेच्या वाट्याला यायची. यंदा मोठ्या इमारतीत पूजा करायला कुणी उरलं नव्हतं.

"साहेब, यंदा आपली पूजा मी करतो. घरच्या रीतीनं," सूर्याजीराव म्हणाले. "आखिरी आहे."

शरच्चंद्रराव म्हणाले, "करा."

सूर्याजीरावांनी फरशी धुतली. पाटावर कोरं कापड अंथरलं. खल, बत्ता, तसराळं, चुंबक आणि पाच चाळण्या, जाडीपासून बारकीपर्यंत, फौज उभी करावी तशा ओळीनं मांडल्या. त्यांच्या घराण्यात तलवारीच्या मुठीला तेलात कालवलेला शेंदूर लावायची चाल होती. तलवार कधीच मोडीत गेली, चाल राहिली होती. त्यांनी वाटीत शेंदूर कालवला आणि अनामिकेनं एकेका हत्याराला बोट लावत गेले. खलाला, बत्त्याला, प्रत्येक चाळणीच्या कडेला. लावताना त्यांचे ओठ हलत होते. नारळ शरच्चंद्ररावांनी वाढवला. मग दोघे शेजारी शेजारी उभे राहिले. सूर्याजीरावांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते बघून शरच्चंद्ररावांच्याही आलं. दोन माणसांचं खातं, पण तेही बंद होताना माणसाला लागतंच.

रविवारी दसरा झाला, सोमवारही सुट्टीसारखाच गेला, आणि मंगळवारी शेवटचं काम निघालं. कुपीत भरण्याआधी सगळा झिरकॉन एकदा सर्वांत बारीक चाळणीतून काढायचा होता, म्हणजे एकाच मापाचे दाणे जातील. सूर्याजीरावांनी कोपरापर्यंत हात धुतले, अंगरखा बदलला, आणि तीन वर्षांचा सगळा माल हलक्या हातानं चाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी शरच्चंद्ररावांनी त्यातले थोडे दाणे काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. खरं तर बघण्याची गरज नव्हती. त्यांना नुसतं बघायचं होतं, मुलीला सासरी धाडण्याआधी बाप बघतो तसं.

दाणे सुरेख होते. कित्येकांत आत एक जुना, झिजलेला, तड्यांनी भरलेला गाभा होता आणि त्याच्यावर स्वच्छ नवा थर. एकदा जन्मलेला, मग भट्टीत पडून पुन्हा कात टाकलेला दाणा. हेच त्यांना म्हणायचं होतं वीस वर्षं. मग त्यांना एक लाल कण दिसला. लाल दाणे खडकात असतात, त्यांनी सवयीनं सुई उचलली आणि तो बाजूला सारायला गेले.

कण पसरला.

दगड पसरत नाही. शरच्चंद्रराव सुई हातात धरून बसून राहिले. आणखी एक लाल कण. आणखी. नारिंगी-लाल, तेलकट. त्यांनी मान वळवून भिंतीशी टांगलेल्या चाळणीकडे पाहिलं. तिच्या कडेवर बोटाएवढा ठिपका होता, वाळलेला, एका बाजूनं झडलेला.

शेंदूर म्हणजे शिसं. शिशाची राख. हे त्यांनी कधीतरी वाचलं होतं असं नाही, हे त्यांनी शिकवलं होतं. कॉलेजात दोन वर्षं रसायनशास्त्र शिकवायला जात तेव्हा दर साली फळ्यावर लिहीत. डब्याचा डाग त्यांना दिसला, कल्हई दिसली, दाराचा रंग दिसला. शेंदूर त्यांच्या डोळ्यांसमोर वाटीत कालवला गेला आणि त्यांना त्यात शिसं दिसलं नाही. लहानपणापासून शेंदूर म्हणजे मारुती. मारुतीचं रासायनिक पृथक्करण कोण करतो?

सूर्याजीराव बाहेर पेट्यांना दोरी बांधत होते. "साहेब, कसा आहे माल? एकदम अव्वल ना?" त्यांनी ओरडून विचारलं.

"अव्वल," शरच्चंद्रराव म्हणाले.

त्या क्षणी बोलायला हवं होतं. ते बोलले नाहीत. आधी बघू, धुऊन निघतं का ते, मग सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. अडचणीत सापडलेला प्रत्येक सज्जन माणूस हेच ठरवतो.

प्रयोगशाळेतली आम्लं आधीच पेटीत गेली होती. त्यांनी एका सोनाराकडून तेजाब आणलं आणि थोडे दाणे त्यात टाकले. शेंदराचा लाल रंग गेला आणि तपकिरी गाळ झाला. तो घालवायला दुसरं औषध घातलं, गाळ विरघळला, पाणी निवळलं. त्यांचा जीव क्षणभर भांड्यात पडला. मग दाणे वाळवून पुन्हा काचेवर घेतले. वरचे थर लख्ख होते. पण जुने गाभे, जे त्यांना हवे होते, तेच तर तड्यांनी भरलेले. तड्यांतून तपकिरी रेषा आत उतरल्या होत्या, केसासारख्या. तेल शेंदराला आत घेऊन गेलं होतं. त्यांनी तीनदा धुतलं. चौथ्यांदा धुतलं. रेषा फिक्या झाल्या. गेल्या की नुसत्या दिसेनाशा झाल्या, हे सांगणारं यंत्र सात समुद्रांपलीकडे होतं.

घरी राजलक्ष्मीबाईंनी विचारलं, "जेवत का नाही आहात?" तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

"पण तुम्ही धुतलंत ना आता?"

"धुतलं."

"मग पाठवा की. तिकडे कळणार आहे का कुणाला?"

"तेच तर. नाही कळणार. शिसं थोडं जास्त भरेल, एवढंच. जास्त शिसं म्हणजे जास्त वय. दगड म्हातारा ठरेल. मला पाहिजे तसाच." ते हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. "आणि मग मला जन्मभर कळणार नाही की तो दगड म्हातारा की सूर्याजीरावांचा शेंदूर. उद्या दुसरा कुणी त्या आकड्यावर आपला आकडा उभा करेल. त्या कागदावर माझी सही असणार."

राजलक्ष्मीबाईंनी ताटावर झाकण ठेवलं. "मग त्यांना तरी सांगा," त्या म्हणाल्या. "सूर्याजीरावांना."

"सांगतो."

पण सांगायचं कसं? सूर्याजीराव तर सुटलेच होते. हजिऱ्यात त्यांनी घरोघर सांगितलं की आपला कुटलेला दगड जहाजात बसून विलायतेला चालला आहे. आठ वर्षांत रियासत गेली, पागा गेली, आता नोकरीही गेली, पण हे होतं. लोक त्यांना वाटेत थांबवून विचारू लागले. नातू शाळेत सांगून आला. एक दिवस त्यांनी शरच्चंद्ररावांना विचारलं, "साहेब, जवाब यायला किती दिवस लागतील? मी तोवर जिवंत असेन ना?" आणि स्वतःच हसले. शरच्चंद्रराव सामानाची यादी करत होते, करत राहिले. रोज सकाळी ते ठरवून निघत आणि रोज संध्याकाळी तसेच परत येत. दहा दिवस असे गेले. मनात दुसराही एक चोर होता. सांगितलं की संपलंच. न सांगता अजून कुपी कुपी होती.

सत्तावीस तारखेला शरच्चंद्रराव वेळेच्या आधी स्टेशनावर पोचले. खिशात कुपी होती, आणि कागद, सही न केलेला. सूर्याजीराव त्यांच्याही आधी येऊन उभे होते. धुतलेला अंगरखा, डोक्याला फेटा. लग्नालाच घालायचा तो फेटा.

गाडी आली. माधवराव दारातच उभे होते. "आणा शरच्चंद्रराव, लवकर. दहा मिनिटं थांबते म्हणतात, पण भरवसा नाही. काय ते रत्न?"

शरच्चंद्ररावांनी खिशात हात घातला. कुपी बोटांना लागली. सही करायला पेन वरच्या खिशात होतं. गाडीच्या पायरीवर कागद टेकून सही करायला किती वेळ लागतो? त्यांनी हात रिकामाच बाहेर काढला.

"नमुना बिघडला, माधवराव. या खेपेला नाही पाठवत. तिकडे मी पत्र लिहिलं आहे."

"अरे! म्हणजे मी उगाच दारात उभा?" माधवराव चेष्टेनं म्हणाले, मग त्यांनी शरच्चंद्ररावांचा चेहरा पाहिला. राजलक्ष्मीची खुशाली विचारली, हात हातात घेतला. शिट्टी झाली. गाडी हलली आणि गेली.

सूर्याजीराव जागचे हलले नव्हते. "बिघडला?" ते म्हणाले. "कधी बिघडला?"

तिथेच, सामानाच्या हातगाड्यांशेजारी, शरच्चंद्ररावांनी सगळं सांगितलं. शेंदूर म्हणजे शिसं, चाळणीची कड, तपकिरी रेषा. सांगताना त्यांनी सूर्याजीरावांचं नाव येऊ दिलं नाही. "लागला," असं म्हणत राहिले, "शेंदूर लागला." जणू तो आपण होऊन चालत आला.

सूर्याजीरावांनी गाडी गेली त्या दिशेला पाहिलं. मग म्हणाले, "मी लावला, साहेब. लागला कशाला म्हणता."

"तुमचा दोष नाही, सूर्याजीराव. तुम्हाला माहीत नव्हतं."

"मला नव्हतं." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुम्ही म्हणालात डबा नको, डबा टाकला. कल्हई नको, बायकोच्या माहेरचा तांब्या टाकला. रंग नको म्हणालात, दरवाजा खरवडला. तीन साल. जे जे बोललात ते ते पाळलं की नाही?"

"पाळलंत."

"मग एक शब्द बोलायचं. शेंदूर नको, सूर्याजी. बस, एवढंच. मी काय तुमच्याशी भांडलो असतो? फूल वाहिलं असतं. देव काय नाराज होणार होता?"

शरच्चंद्ररावांनी खिशातली कुपी मुठीत धरली.

"तुम्ही तर बाजूलाच उभे होता, साहेब."

"हो."

"मालूम होतं तुम्हाला, शेंदरात काय असतं?"

खोटं बोलायची हीच वेळ होती. नव्हतं मालूम, असं म्हटलं असतं तर त्या म्हाताऱ्यानं ते मानलं असतं, आणि दोघे एकाच चुकीचे भागीदार होऊन घरी गेले असते. पण सकाळपासून शरच्चंद्ररावांनी एकच खरं काम केलं होतं आणि ते त्यांना मोडवेना.

"होतं," ते म्हणाले. "मी ते मुलांना शिकवत असे. त्या दिवशी आठवलंच नाही."

"आणि दहा दिवस? तेव्हा तर आठवलं होतं ना? मी साऱ्या हजिऱ्याला सांगत फिरून राहिलो. तुम्ही ऐकत होता."

सूर्याजीरावांनी फेटा उतरवला, तो काखेत धरला, आणि फलाटावरच्या गर्दीतून चालू लागले. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच ते मुजरा न करता गेले, आणि शरच्चंद्ररावांना त्यांना हाक मारायचा धीर झाला नाही.